नाडीचा माग काढणारा डॉक्टर

इंग्लंडमधल्या लँकेशायर भागातलं बर्नली हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापडगिरण्यांचं गाव होतं. १८७९ मध्ये तिथल्या दोन डॉक्टरांच्या दवाखान्यात २६ वर्षांचा एक स्कॉटिश डॉक्टर रुजू झाला. त्याचं नाव जेम्स मॅकेन्झी. दिवसभर दवाखाना, रात्री-अपरात्री बाळंतपणं आणि मधल्या वेळात गिरणी कामगारांच्या घरी फेऱ्या, असं ते काम होतं. सुरुवातीच्या त्या वर्षांतच एका तरुण स्त्रीच्या बाळंतपणात तिचं हृदय थकलं आणि मॅकेन्झी यांच्या डोळ्यांदेखत ती दगावली. तिला हृदयाचा आजार होता. बाळंतपणाचा ताण तिला झेपणार नाही हे आधी ओळखता आलं असतं का, हा प्रश्न त्यांना छळू लागला. त्यांनी पुस्तकं उघडली. हृदयातून येणाऱ्या वेगवेगळ्या आवाजांची आणि नाडीच्या प्रकारांची वर्णनं त्यांत भरपूर होती. मात्र यातलं कोणतं लक्षण धोक्याचं आणि कोणतं निरुपद्रवी, याचं उत्तर कुठेच नव्हतं.

ते उत्तर शोधण्यात मॅकेन्झी यांचं उरलेलं आयुष्य गेलं. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडलेल्या काही रुग्णांवर आज हृदयातला ठराविक भाग गोठवून उपचार करतात. त्याला क्रायोॲब्लेशन म्हणतात. मॅकेन्झी यांच्या काळात असं काही कल्पनेतही नव्हतं. पण हा उपचार ज्या आजारावर करतात, तो आजार माणसांत ओळखला जाण्याची वाट बर्नलीतल्या या साध्या फॅमिली डॉक्टरच्या वह्यांमधून जाते.

औषधाच्या दुकानातून दवाखान्यात

मॅकेन्झी यांचा जन्म १२ एप्रिल १८५३ रोजी स्कॉटलंडमध्ये, पर्थजवळच्या स्कोन गावातल्या एका शेतकरी कुटुंबात झाला. शाळेत ते हुशार गणले जात नव्हते. त्या काळी हुशारी पाठांतरावर मोजली जाई आणि पाठांतर हा त्यांचा प्रांत नव्हता. पंधराव्या वर्षी शाळा सोडून ते पर्थमधल्या एका औषध दुकानदाराकडे उमेदवारीला लागले. काम चांगलं जमलं, पुढे त्या धंद्यात भागीदारीही मिळू शकली असती. पण डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पुड्या बांधण्यापेक्षा त्या का दिल्या जातात, हे कळावं असं त्यांना वाटू लागलं. एकविसाव्या वर्षी त्यांनी एडिंबरा विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश घेतला आणि १८७८ मध्ये पदवी मिळवली. वर्षभर तिथल्याच रुग्णालयात काम करून ते बर्नलीला आले आणि पुढची २८ वर्षं तिथेच राहिले.

मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाकडे रुग्ण आजार बळावल्यावर येतो, काही दिवस राहतो आणि जातो. त्याच्या आजाराची सुरुवात तज्ज्ञाला दिसत नाही आणि शेवटही बहुतेक वेळा दिसत नाही. फॅमिली डॉक्टर मात्र तीच माणसं वीस-वीस वर्षं पाहतो. ज्या मुलीचा ताप त्याने पाहिला, तिच्याच बाळंतपणाला तो जातो आणि पुढे तिची धापही त्याला दिसते. मॅकेन्झी यांनी ओळखलं, की आपल्याला हवं असलेलं उत्तर फक्त अशाच ठिकाणी मिळेल. त्यांनी रुग्णांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि त्या वर्षानुवर्षं चालू ठेवल्या.

मान आणि मनगट

नाडी बोटांना कळते, पण कागदावर उतरल्याशिवाय तिची तुलना करता येत नाही. मनगटावरची नाडी काजळी धरलेल्या कागदावर रेघेच्या रूपात उमटवणारं छोटं यंत्र तेव्हा उपलब्ध होतं. मॅकेन्झी यांनी त्यात एक भर घातली. मनगटाबरोबरच त्यांनी मानेतल्या शिरेचं स्पंदनही त्याच कागदावर, त्याच वेळी नोंदवलं.

यामागचा विचार साधा होता. हृदयाला चार कप्पे असतात. वरचे दोन, म्हणजे अलिंद, आधी आकुंचन पावतात आणि रक्त खाली ढकलतात. मग खालचे दोन, म्हणजे निलय, आकुंचन पावतात आणि रक्त शरीरात व फुप्फुसांत जातं. मनगटाची नाडी खालच्या कप्प्याची हालचाल सांगते. मानेतली मोठी शीर थेट उजव्या अलिंदाकडे जाते, त्यामुळे वरच्या कप्प्याचं आकुंचन तिथे एका छोट्या लाटेच्या रूपात दिसतं. दोन्ही रेघा शेजारी ठेवल्या की वरचे आणि खालचे कप्पे एकमेकांशी कसे वागत आहेत, हे रुग्णाच्या अंगाला सुरीही न लावता कळतं. शिरेतल्या या लाटांना मॅकेन्झी यांनी ए, सी आणि व्ही अशी नावं दिली. आजही वैद्यकीय विद्यार्थी तीच नावं शिकतात.

पुढे बर्नलीजवळच्या पॅडिहॅम गावातल्या एका घड्याळजीच्या मदतीने त्यांनी काजळीऐवजी शाईने आणि लांब पट्टीवर नोंद करणारं यंत्र तयार करून घेतलं. पॉलिग्राफ या नावाने ते प्रसिद्ध झालं. आता दहा-वीस ठोके नव्हे, तर मिनिटामिनिटांची नोंद मिळू लागली.

या पट्ट्यांवरून मॅकेन्झी यांनी नाडीच्या अनियमितपणाची वर्गवारी केली. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये श्वासाबरोबर नाडी किंचित जलद-मंद होते, तो आजार नव्हेच. कधीकधी एखादा ठोका वेळेआधी पडतो आणि मग क्षणभर हृदय थांबल्यासारखं वाटतं. अशा जादा ठोक्यांनी घाबरलेली कितीतरी माणसं त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली आणि बाकी हृदय धड असेल तर त्यांना काही होत नाही, हे नोंदींनिशी दाखवून दिलं. त्या काळात नाडी अनियमित म्हटली की रुग्णाला अंथरुणाला खिळवून ठेवत, त्याची नोकरी सोडायला लावत. मॅकेन्झी यांच्या वह्यांनी अशा अनेकांना पुन्हा कामावर पाठवलं.

उरला तिसरा प्रकार. यात नाडीला कसलाच ठेका नसायचा. ठोका मोठा, छोटा, लवकर, उशिरा, कसाही पडायचा. एकदा सुरू झाला की हा प्रकार बहुधा तसाच राहायचा. आणि अशा रुग्णांच्या पायांवर सूज, धाप, थकवा हेही पुष्कळदा पाठोपाठ यायचं.

लाट कुठे गेली?

१८८० च्या सुमारास मॅकेन्झी यांच्याकडे संधिवाताच्या तापाने आजारी असलेली एक स्त्री आली. या तापाने तिच्या हृदयातली मायट्रल झडप अरुंद झाली. वरच्या कप्प्यातून खाली जाणारं रक्त या चिंचोळ्या वाटेतून ढकललं जाताना एक विशिष्ट आवाज येतो. तो आवाज मॅकेन्झी वर्षानुवर्षं ऐकत होते. तिच्या मानेतल्या शिरेत वरच्या कप्प्याची लाटही ठळक दिसत होती.

जवळपास दोन दशकं गेली. मग एके दिवशी तिची नाडी पूर्ण विस्कळीत झाली. मॅकेन्झी यांनी पट्टी काढली, तर वरच्या कप्प्याची लाट नाहीशी झाली होती. छाती ऐकली, तर तो ओळखीचा आवाजही गेला होता. दोन वेगळ्या खुणा एकाच वेळी पुसल्या गेल्या होत्या आणि दोन्हींचा संबंध वरच्या कप्प्याच्या आकुंचनाशी होता. वरचा कप्पा आकुंचन पावायचा थांबला असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. जुनी पट्टी हाताशी नसती तर नवीन पट्टीत काय हरवलंय, हे कळलंच नसतं.

अलिंदाला लकवा झाला असावा, असं त्यांना आधी वाटलं. पण अशा रुग्णांच्या मृत्यूनंतर हृदय तपासलं, तेव्हा वरच्या कप्प्याचे स्नायू वाळलेले नव्हते, उलट जाड झालेले दिसले. लकवा झालेला स्नायू असा वाढत नाही. मॅकेन्झी यांनी स्वतःचा तर्क मागे घेतला आणि हृदयाचा ठोका वर सुरू न होता वरच्या-खालच्या कप्प्यांच्या सीमेवरून सुरू होत असावा, असं मांडलं. अशी काही हृदयं त्यांनी लंडनला शरीरशास्त्रज्ञ आर्थर कीथ यांच्याकडे तपासणीसाठी पाठवली. कीथ यांना हृदयाच्या स्नायूंच्या बारकाव्यांत रस वाटू लागला तो याच सुमारास. १९०७ मध्ये कीथ आणि त्यांचा विद्यार्थी मार्टिन फ्लॅक यांनी उजव्या अलिंदात ठोका जिथून निघतो ती जागा, म्हणजे सायनस नोड, शोधून काढली.

मॅकेन्झी यांचा दुसरा तर्कही चुकीचा होता. ते त्यांना लंडनमध्ये कळलं.

लंडन

नाडीच्या अभ्यासावरचं त्यांचं पुस्तक १९०२ मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा युरोपातल्या हृदयाच्या अभ्यासकांनी ते उचलून धरलं. इंग्लंडमधल्या बड्या डॉक्टरांना मात्र गिरण्यांच्या गावातल्या एका जनरल प्रॅक्टिशनरची दखल घ्यायला वेळ लागला. १९०७ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, जमलेली प्रॅक्टिस सोडून मॅकेन्झी लंडनला गेले. सुरुवातीला रुग्ण फार थोडे येत. पुढच्याच वर्षी हृदयविकारांवरचं त्यांचं मोठं पुस्तक आलं आणि चित्र बदललं. १९१५ मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व आणि सर हा किताब, दोन्ही त्यांना मिळालं.

लंडनमध्ये थॉमस लुईस हा तरुण संशोधक त्यांच्या संपर्कात आला. मॅकेन्झी यांनी त्याला अनियमित नाडीच्या कोड्याकडे वळवलं. लुईस यांच्याकडे एक नवं साधन होतं. नेदरलँड्समधल्या लायडनच्या विलेम आइंथोवेन यांनी बनवलेला तारेचा गॅल्व्हानोमीटर, म्हणजे आजच्या ईसीजीचा पूर्वज. १९०९ मध्ये लुईस यांनी लंडनमध्ये, आणि त्याच वर्षी रोथबर्गर व विंटरबर्ग यांनी व्हिएन्नामध्ये दाखवून दिलं, की या रुग्णांचे वरचे कप्पे निपचित नसतात. ते थरथरत असतात. मिनिटाला शेकडो अर्धवट, विस्कळीत हालचाली होत असतात आणि म्हणून एकही धड आकुंचन होत नाही. त्यातले काही संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतात, कसेही आणि केव्हाही. नाडीला ठेका नसतो तो यामुळे. यालाच आपण आज एट्रियल फिब्रिलेशन किंवा नुसतं एएफ म्हणतो.

म्हणजे वरच्या कप्प्याचं काम थांबलेलं आहे हे मॅकेन्झी यांचं निरीक्षण बरोबर होतं, कारण चुकलं होतं. त्यांनी लुईस यांचं म्हणणं मान्य केलं आणि आपल्या लेखनात तसा बदल केला. ज्या यंत्राने त्यांचा पॉलिग्राफ मागे पडणार होता, त्याच यंत्राच्या निष्कर्षाला त्यांनी पाठिंबा दिला.

उपचारात मात्र त्यांचं पाऊल पुढेच होतं. डिजिटॅलिस हे वनस्पतीपासून मिळणारं औषध इंग्लंडमध्ये विल्यम विदरिंग यांच्या १७८५ मधल्या पुस्तकापासून सुजेवर दिलं जाई. कुणाला ते चमत्कार वाटावा इतकं लागू पडे, कुणाला अजिबात नाही. मॅकेन्झी यांनी दाखवलं, की ते विशेषतः या विस्कळीत नाडीच्या रुग्णांत काम करतं. वरच्या कप्प्यांची थरथर त्याने थांबत नाही. खाली पोचणारे संदेश कमी होतात, खालचे कप्पे सावकाश चालतात आणि हृदयाला भरायला उसंत मिळते. कित्येक रुग्ण पुन्हा चालू-फिरू लागले. मॅकेन्झी यांच्या हातात एवढंच होतं. आजार शोधता आला, आवरता आला, पण मिटवता आला नाही.

स्वतःचं हृदय

लंडनला आल्यावर लवकरच मॅकेन्झी यांच्या स्वतःच्या छातीत दुखू लागलं. त्यांना अंजायना होता. त्यांनी या रुग्णाचीही नोंदवही ठेवली. किती चाललं की दुखतं, कशाने थांबतं, हे सगळं ते टिपत राहिले. १९२३ मध्ये अंजायनावर त्यांनी पुस्तक लिहिलं, त्यात इतर रुग्णांच्या हकिकतींमध्ये नाव न देता स्वतःचीही हकिकत घातली.

पहिल्या महायुद्धात हृदय बिघडल्याच्या शेऱ्यासह हजारो सैनिक आघाडीवरून परत येत होते. लंडनच्या हॅम्पस्टेड भागात त्यांच्यासाठी खास रुग्णालय उघडलं गेलं. मॅकेन्झी तिथे सल्लागार होते. यांतल्या बहुतेकांच्या हृदयात मुळात बिघाड नाही, त्यांना अंथरुणाची नव्हे तर हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाची गरज आहे, असं तिथल्या कामातून दिसलं. बर्नलीतल्या जादा ठोक्यांच्या रुग्णांचा धडाच इथे मोठ्या प्रमाणावर गिरवला गेला.

मग नावलौकिक असताना १९१८ मध्ये त्यांनी लंडन सोडलं आणि स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज हे छोटं गाव गाठलं. तिथे १९१९ मध्ये त्यांनी एक संस्था काढली. गावातल्या फॅमिली डॉक्टरांनी आपापल्या रुग्णांच्या अगदी पहिल्या तक्रारी नोंदवायच्या आणि त्यांचं पुढे काय होतं हे वर्षानुवर्षं पाहायचं, असं तिचं काम होतं. यंत्रं वाढत चालली तसा रुग्णाकडे पाहण्याचा वेळ कमी होतोय, याची त्यांना काळजी वाटत होती. एका काळी यंत्र बनवून घेणाऱ्या माणसाची ही काळजी होती.

अंजायना वाढत गेला. २६ जानेवारी १९२५ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. आपलं हृदय तपासलं जावं, अशी त्यांची इच्छा होती. ते सेंट अँड्र्यूजला नेण्यात आलं. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या होत्या आणि स्नायूंवर जुन्या इजेचे व्रण होते. त्यांनी लिहून ठेवलेल्या वेदनेच्या नोंदींशी ते ताडून पाहण्यात आले. रुग्णाचा पाठपुरावा मृत्यूनंतरही सोडायचा नाही, हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला.

थरथर निघते कुठून?

मॅकेन्झी यांच्यानंतर या आजाराला आवरण्याचे बरेच प्रयत्न झाले. क्विनिनच्या नात्यातल्या क्विनिडीन या औषधाने काहींची लय परत येई. १९६० च्या दशकात विजेचा झटका देऊन लय जाग्यावर आणण्याची पद्धत आली. १९८७ मध्ये अमेरिकेत जेम्स कॉक्स यांनी छाती उघडून अलिंदात चक्रव्यूहासारख्या छेदरेषा घेण्याची शस्त्रक्रिया केली. व्रणातून वीज पुढे जात नाही, हे तिचं तत्त्व.

खरा धागा १९९८ मध्ये सापडला. फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हेसागेर यांच्या गटाने ४५ रुग्णांच्या हृदयांत ही थरथर कुठून सुरू होते ते शोधलं. फुप्फुसांतून शुद्ध रक्त घेऊन डाव्या अलिंदात येणाऱ्या चार शिरांच्या तोंडाशी, असं उत्तर मिळालं. तिथले ठिणगीसारखे ठोके अलिंदात शिरतात आणि लय उधळतात. मग त्या चार दारांशी अडथळा उभा केला तर?

हा अडथळा उष्णतेने करता येतो किंवा थंडीने. थंडीच्या पद्धतीत जांघेतल्या शिरेतून एक नळी हृदयात नेतात आणि दोन अलिंदांमधला पातळ पडदा छेदून डाव्या बाजूला पोचतात. नळीच्या टोकाला साधारण २८ मिलिमीटर व्यासाचा फुगा असतो. तो शिरेच्या तोंडाशी बुचासारखा बसवतात आणि त्याच्या आत नायट्रस ऑक्साइड सोडतात. द्रवाचा वायू होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो आणि फुग्याचं तापमान शून्याखाली ४०-५० अंशांपर्यंत उतरतं. तीन-चार मिनिटांत फुग्याला टेकलेल्या पेशींमध्ये बर्फाचे स्फटिक होतात आणि त्या मरतात. काही आठवड्यांत तिथे गोल व्रण तयार होतो. शिरेतून रक्त येत राहतं, पण विजेचा संदेश आत येत नाही. असं चारही शिरांशी करतात.

उजवीकडच्या शिरांजवळून श्वासपटलाची नस जाते. ती गोठली तर श्वासाला त्रास होतो. म्हणून गोठवताना त्या नसेला मुद्दाम बारीक विद्युत संदेश देत राहतात आणि कुणीतरी रुग्णाच्या बरगड्यांखाली पोटावर हात ठेवून उभं असतं. श्वासपटलाचा धक्का हाताला क्षीण लागला, की गोठवणं तत्काळ थांबवतात. इतक्या यंत्रांच्या गराड्यात शेवटी माणसाच्या हातावरही भरवसा ठेवला जातो.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७६२ रुग्णांवरच्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासात हा फुगा उष्णतेच्या पद्धतीइतकाच परिणामकारक ठरला. पण ते रुग्ण येऊन-जाऊन होणाऱ्या एएफचे होते. आठवड्याहून जास्त काळ टिकून राहणारा, म्हणजे पर्सिस्टंट एएफ, जास्त हट्टी असतो. १९९५ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टच्या संशोधकांनी बकऱ्यांवर दाखवून दिलं होतं, की थरथर जितकी जास्त काळ चालते तितका अलिंदाचा स्नायू बदलतो आणि थरथर आणखी पक्की होते. अशा वेळी फक्त चार दारं बंद करून भागेलच असं नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, टिकाऊ एएफच्या १६५ रुग्णांवरच्या अभ्यासात फुग्याने गोठवल्यानंतर वर्षभर लय न बिघडलेले रुग्ण सुमारे ५५ टक्के होते. निम्म्याहून थोडे जास्त. काहींना दुसऱ्यांदा हा उपचार करावा लागतो. रक्तस्राव, हृदयाभोवती रक्त साचणं, पक्षाघात हे धोके कमी असले तरी असतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत व्रण भरत असताना लय पुन्हा बिघडली, तर ते लगेच अपयश मानत नाहीत.

प्रश्न तोच

मग हा उपचार कुणी घ्यावा? इथे मॅकेन्झी यांचा प्रश्न जसाच्या तसा समोर येतो. पट्टीवर काय दिसतं, यापेक्षा या माणसाचं पुढे काय होणार? औषधं घेऊनही ज्याला धडधड, धाप, थकवा यांनी जगणं नकोसं केलंय, किंवा एएफमुळे ज्याच्या हृदयाचा जोर कमी होत चाललाय, त्याला याचा फायदा होण्याची शक्यता जास्त. वर्षानुवर्षं थरथरून अलिंद खूप फुगलेल्या रुग्णाला ती कमी. एएफ लवकर ओळखला तर निवडीला वाव राहतो.

आणि एक गोष्ट गोठवून सुटत नाही. थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साकळतं, त्याची गुठळी मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. एएफमध्ये हा धोका सुमारे पाचपट असतो. म्हणून वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांनुसार ज्यांचा धोका जास्त ठरतो, त्यांना उपचारानंतर लय सुधारली तरी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू ठेवावी लागते. बरं वाटतंय म्हणून ती स्वतःहून बंद करू नये.

मॅकेन्झी यांच्या त्या पहिल्या रुग्णासारख्या स्त्रिया आपल्याकडे अजूनही दवाखान्यांत येतात. संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप अरुंद होणं पाश्चात्त्य देशांतून जवळजवळ गेलं, भारतातून नाही. फुग्याच्या अभ्यासांत असे रुग्ण बहुधा घेतलेलेच नसतात, त्यामुळे त्यातले आकडे त्यांना लावता येत नाहीत. झडप बरीच अरुंद असेल आणि एएफही असेल, तर गुठळी टाळण्यासाठी नव्या गोळ्यांपेक्षा वॉरफॅरिनसारखं जुनं औषध आणि त्याची नियमित रक्ततपासणीच योग्य ठरते. आणि लहानपणी घसादुखीनंतर ताप येऊन सांधे सुजले, तर ते अंगावर न काढता डॉक्टरांना दाखवणं, हा त्याहून मोठा उपचार आहे. बाळंतपणात दगावणाऱ्या एखाद्या तरुणीचा जीव तिथेच वाचू शकतो.

मॅकेन्झी यांच्या तपासणीतली पहिली पायरी मात्र कुणालाही जमते. स्वस्थ बसून मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा आणि मिनिटभर ठोके मोजा. एखादा ठोका चुकला तर घाबरू नका. ठेकाच सापडत नसेल तर डॉक्टरांकडे जा आणि ईसीजी काढून घ्या. साठीच्या पुढे, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर अधूनमधून हे करून पाहावं. आणि तो ईसीजीचा कागद टाकून देऊ नका. पुढचा कागद त्याच्याशीच ताडून पाहायचा आहे.